एकच स्तोत्र, दोन वर्ग: कम्युनिटी कॉलेजातलं संगीत आणि धर्म

मंगळवारी संध्याकाळी कॉलेजच्या तालमीच्या खोलीत आम्ही चाळीसेक जण उभं राहून ‘किरिये एलेइसॉन’ गात होतो. शब्द ग्रीक आहेत, अर्थ ‘प्रभो, दया कर’. ख्रिस्ती लोकांच्या मास या उपासनेत दर वेळी त्याच शब्दांचे जे भाग गायचे असतात त्यांतला हा पहिला. माझ्या एका बाजूला हिजाब घातलेली एकोणीस वर्षांची मुलगी होती, दुसऱ्या बाजूला निवृत्त झालेल्या नर्सबाई. दोन दिवसांनी, गुरुवारी सकाळी, ‘जगातले धर्म’ या वर्गात तेच दोन शब्द फळ्यावर होते. बाईंनी विचारलं, हे कोण म्हणतं? कधी म्हणतं? म्हणताना उभं राहतात की गुडघे टेकतात? म्हणणाऱ्याला त्यातून काय घडेल असं वाटतं? तुमचा यावर विश्वास आहे का, हे मात्र त्यांनी सेमिस्टर संपेपर्यंत एकदाही विचारलं नाही.

कॅलिफोर्नियातल्या कम्युनिटी कॉलेजात संगीत आणि धर्म हे दोन विषय एकत्र घेतले तेव्हा मला एक गोष्ट समजली, आणि ती इथे नव्याने आलेल्या मराठी माणसांना सांगावीशी वाटते. सरकारी पैशावर चालणारं कॉलेज तुम्हाला स्तोत्र गायला लावू शकतं, पण प्रार्थना म्हणून म्हणायला लावू शकत नाही. संगीताच्या वर्गात तुम्ही संगीत करता. धर्माच्या वर्गात तुम्ही धर्म करत नाही, धर्माकडे बघायला शिकता. हा फरक कळला की काय घ्यायचं, कशासाठी घ्यायचं आणि वर्गात कसं बसायचं, हे सगळं सोपं होतं.

आधी कॉलेजाबद्दल. ‘कम्युनिटी कॉलेज’ म्हटलं की आपल्याकडचे पालक तोंड वाकडं करतात. पोराला विद्यापीठात प्रवेश मिळाला नाही म्हणून इथे आला, असा सूर असतो. हा सूर सोडायला हवा. अमेरिकेतलं सगळ्यात जुनं सरकारी कम्युनिटी कॉलेज इलिनॉयमधल्या जॉलिएट गावात १९०१ साली सुरू झालं. शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर आणि तिथल्या हायस्कूलचे प्रमुख जे. स्टॅन्ली ब्राउन यांची ती कल्पना. पहिल्या वर्गात सहा विद्यार्थी होते. गावातल्या मुलांना घर न सोडता पदवीची पहिली दोन वर्षं करता यावीत, एवढाच हेतू. त्याच वर्षी विष्णु दिगंबर पलुसकरांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही. तरी मला त्या शेजारी ठेवून बघायला आवडतं, कारण दोन्हीकडे धडपड एकच होती. जे ज्ञान मोजक्यांच्या ताब्यात होतं ते फी भरून वर्गात येऊन बसणाऱ्या साध्या माणसाला मिळावं.

कॅलिफोर्नियात आज अशी ११६ कॉलेजं आहेत. १९६० साली राज्याने उच्चशिक्षणाचा जो आराखडा केला त्यात तीन मजले ठरले. वर यूसी (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) विद्यापीठं, मध्ये कॅलिफोर्निया स्टेट विद्यापीठं, आणि तळमजल्यावर कम्युनिटी कॉलेजं. वरच्या दोन मजल्यांवर गुणांनुसार प्रवेश, तळमजला सगळ्यांना खुला. दोन वर्षांत साधारण ६० युनिटं (युनिट म्हणजे अभ्यासाच्या भाराचं माप) करून तिसऱ्या वर्षाला वरच्या मजल्यावर जाता येतं, त्याला ट्रान्स्फर म्हणतात. राज्यातल्या रहिवाशांना फी युनिटमागे ४६ डॉलर. म्हणजे तीन युनिटांचा विषय १३८ डॉलरला, वर आरोग्य वगैरे किरकोळ शुल्क. कुपर्टिनोचं डी आन्झा किंवा लॉस आल्टोस हिल्सचं फुटहिल यांच्यासारखी कॉलेजं सेमिस्टरऐवजी तीन-तीन महिन्यांच्या क्वार्टरवर चालतात. तिथे युनिट लहान, म्हणून फीही कमी, ३१ डॉलर.

युनिट ही चीज नीट समजून घ्या, कारण संगीत घेणारे इथेच फसतात. व्याख्यानाचं एक युनिट म्हणजे आठवड्याला वर्गात एक तास आणि घरी दोन तास. तीन युनिटांचा धर्माचा विषय घेतलात तर आठवड्याचे नऊ तास बाजूला काढायला हवेत, त्यांतले सहा घरी वाचन आणि लेखन करण्यात जातात. क्वायर (समूहगान), वाद्यवृंद, पियानोचा वर्ग अशा हाताने-गळ्याने करायच्या तासांचा हिशेब उलटा असतो. तिथे वर्गातले तीन तास मिळून एक युनिट होतं. म्हणून संगीत मुख्य विषय असलेला मुलगा दिवसभर कॉलेजात असतो आणि कागदावर युनिटं मात्र थोडी दिसतात. आईवडिलांना वाटतं हा टाइमपास करतोय. तो खरोखर राबत असतो.

आता संगीताच्या वर्गात काय होतं ते सांगते. ज्यांना सुरुवातीपासून शिकायचंय त्यांच्यासाठी मूलतत्त्वांचा वर्ग असतो. पाच रेघांवरचं स्वरलेखन, मात्रा, सप्तक. त्यानंतर थिअरीची, म्हणजे संगीतरचनेच्या नियमांची, चार सेमिस्टरं, आणि तिच्या जोडीने कानाच्या तयारीचा वेगळा तास: बघून गाणं, ऐकून लिहिणं. शिवाय एकट्याचं शिक्षण आणि क्वायर किंवा वाद्यवृंद. एकट्याचं शिक्षण म्हणजे आठवड्याला गुरूसमोर एक धडा, रोजचा रियाज, आणि सेमिस्टरच्या शेवटी शिक्षकांच्या मंडळासमोर गाऊन किंवा वाजवून दाखवायची परीक्षा. ही परीक्षा आपल्याकडच्या संगीताच्या मध्यमा-विशारदच्या तोंडी परीक्षेइतकीच छातीत धडधड करणारी असते.

आपल्याकडे पेटीवर शिकलेल्या माणसाला इथे एक मोठी सोय आहे. गायकाची पट्टी, म्हणजे त्याचा सा पेटीच्या कुठल्या पट्टीवर येतो ते, आपण काळी एक, पांढरी चार, काळी पाच अशी सांगतो. षड्ज कुठेही ठेवला तरी सारेगम तेच राहतं. अमेरिकेतल्या बऱ्याच कॉलेजांत कानाच्या तयारीसाठी ‘सरकता डो’ वापरतात (डो-रे-मी हे त्यांचं सारेगम), तो म्हणजे आपला सरकता सा. पांढरी एकपासून सगळ्या पांढऱ्या पट्ट्या वाजवल्या की त्यांचं मेजर सप्तक होतं, आणि आपला बिलावल थाट (थाट म्हणजे रागांचे गट पाडायची सात स्वरांची चौकट). एवढंच नाही. त्यांच्या जुन्या चर्च-संगीतात सप्तकांचे जे प्रकार आहेत त्यांना मोड म्हणतात. त्यांतला लिडियन म्हणजे कल्याण, मिक्सोलिडियन म्हणजे खमाज, डोरियन म्हणजे काफी, एओलियन म्हणजे आसावरी आणि फ्रिजियन म्हणजे भैरवी. भातखंड्यांच्या दहा थाटांपैकी बिलावल धरून सहा थाट असे जुळतात. भैरव, मारवा, पूर्वी, तोडी हे चार मात्र त्या यादीत बसत नाहीत. थाट जुळला म्हणजे राग आला असं मुळीच नाही. चलन (स्वरांची चाल), वादी (मुख्य स्वर), न्यास (थांबायचा स्वर) यांतलं त्या मोडमध्ये काही नसतं. पण परीक्षेत मोड ओळखायचा असेल तर आपला कान पहिल्या दिवसापासून तयार असतो.

खरी अडचण हार्मनीत येते. आपलं संगीत आडवं चालतं, एक स्वर झाला की दुसरा. त्यांचं संगीत आडवं चालतंच, शिवाय उभंही रचलेलं असतं. सा-ग-प एकाच वेळी वाजले की तो एक कॉर्ड. प-नी-रे वाजले की दुसरा. या दुसऱ्यातला नी ‘सा’कडे ओढ घेतो, आणि तो ‘सा’वर पोचला, सा-ग-प पुन्हा वाजले, की वाक्य पुरं झाल्यासारखं वाटतं. तबल्याच्या तुकड्याची तिहाई (तीनदा वाजवलेला शेवट) समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, आली की जे सुटल्यासारखं वाटतं, तेच काम तिथे स्वरांची ही हालचाल करते.

मग चार आवाजांचं लेखन शिकवतात: सोप्रानो आणि आल्टो (बायकांचा वरचा आणि खालचा आवाज), टेनर आणि बास (पुरुषांचा वरचा आणि खालचा). यात एक नियम आहे, त्याने मी आठवडाभर हैराण होते. समजा, बास ‘सा’वर आहे आणि टेनर ‘प’वर. पुढच्या मात्रेला बास ‘रे’वर गेला आणि टेनर ‘ध’वर, तर शिक्षक लाल पेनने गोल काढतात. दोन आवाज पंचमाचं अंतर कायम ठेवून एकत्र सरकले, ही चूक. ज्या कानाला तंबोऱ्यातले षड्ज आणि पंचम एकत्र नांदताना ऐकायची सवय, त्याला यात वाईट काय वाटणार? मी शिक्षकांना तसं विचारलं. त्यांनी पियानोवर दोन्ही वाजवून दाखवलं आणि म्हणाले, ऐका, आता तुम्हाला चार माणसं ऐकू येतायत की तीन? खरंच, दोन आवाज एकमेकांना चिकटून एकच झाले होते. त्या शैलीत प्रत्येक आवाजाने स्वतःच्या पायांवर चालायचं असतं, म्हणून तो नियम. आपल्या संगीताला तो लागू नाही, आणि त्यांच्याही सगळ्या संगीताला लागू नाही. तो एका काळातल्या एका रीतीचा नियम आहे. हे समजल्यावर लाल गोलांचा राग गेला.

ती रीत शिकायला उदाहरणं बहुतेक वेळा योहान सेबास्टियन बाख या जर्मन संगीतकाराच्या कोरालांमधून घेतात. कोराल म्हणजे सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथरच्या सुधारणेनंतर जर्मन चर्चमध्ये सगळ्या जमावाने गायला सुरू केलेली पदं. लॅटिनऐवजी लोकांच्या भाषेत, सोप्या चालींत. वाचताना मला आपल्या अभंगांची आठवण आली. देवाचं गाणं पुरोहिताच्या तोंडातून काढून लोकांच्या तोंडी देणं दोन्हीकडे घडलं. बाखने त्या चालींना चार आवाज बांधून दिले. म्हणजे बघा, सरकारी कॉलेजात थिअरी शिकणारा, कदाचित देव अजिबात न मानणारा मुलगा दोन वर्षं चर्चच्या पदांचा अभ्यास करतो. डो-रे-मी ही नावंसुद्धा तिथलीच. अकराव्या शतकात ग्विदो नावाच्या इटालियन संन्याशाने पोरांना लवकर गाणं यावं म्हणून संत योहानाच्या एका लॅटिन स्तोत्राचा आधार घेतला. त्यातली एकेक ओळ आधीच्या ओळीपेक्षा एक स्वर वर सुरू होते. त्या ओळींची पहिली अक्षरं उट, रे, मी, फा, सोल, ला. उटचा पुढे डो झाला.

मग प्रश्न येतो. अमेरिकेच्या राज्यघटनेने सरकारला धर्मापासून लांब ठेवलंय, तर सरकारी कॉलेजात हे चालतं कसं? याचं उत्तर १९६३ च्या एका निकालात आहे. पेनसिल्व्हेनिया राज्यात कायदा होता की सरकारी शाळेत रोज सकाळी बायबलची किमान दहा वचनं वाचायची. १९५६ मध्ये ॲबिंग्टन गावातल्या एलरी शेम्प नावाच्या सोळा वर्षांच्या मुलाने वाचनाच्या वेळी कुराण उघडून मनातल्या मनात वाचायला घेतलं. त्याला मुख्याध्यापकांकडे पाठवलं. शेम्प कुटुंब कोर्टात गेलं आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं. न्यायालयाने आठ विरुद्ध एक अशा मतांनी सांगितलं की सरकारी शाळेतलं असं वाचन घटनाबाह्य आहे. पण निकाल लिहिणारे न्यायमूर्ती टॉम क्लार्क यांनी त्यातच स्पष्ट केलं की धर्माचा तटस्थपणे, सर्वसाधारण शिक्षणाचा भाग म्हणून केलेला अभ्यास घटनेच्या आड येत नाही.

या निकालानंतर सरकारी विद्यापीठांत धर्माभ्यासाला बळ मिळालं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा शाखेतला विभाग १९६४ चा. तिथून हा विषय कम्युनिटी कॉलेजांतही रुळला. फार थोड्या ठिकाणी त्याचा स्वतंत्र विभाग असतो. तास शोधताना तत्त्वज्ञान किंवा मानव्यविद्या या विभागांतही बघायला हवं. जगातले धर्म, आशियातले धर्म, साहित्य म्हणून बायबल, अशी नावं असतात.

शिकवतात कसं? आमच्या बाईंनी निनियन स्मार्ट या अभ्यासकाची चौकट दिली. धर्म म्हणजे फक्त श्रद्धा किंवा फक्त ग्रंथ नव्हे. त्याला सात बाजू असतात: कथा, विधी, अनुभव, तत्त्वविचार, आचारनियम, संघटना आणि वस्तू. मला गृहपाठात ही चौकट ओळखीच्या एखाद्या परंपरेला लावायची होती. मी वारी घेतली. कथा सोप्या: ज्ञानेश्वरांची भिंत, तुकोबांच्या तरंगलेल्या वह्या, विटेवर उभा राहिलेला विठोबा. विधीत टाळ, रिंगण, काकडा, हरिपाठ. अनुभवात माउलींची पालखी पुढून जाताना गळा दाटून येतो तो. तत्त्वविचारात नाम आणि अद्वैत यांचं नातं. आचारनियमात माळ घातल्यावर मांस-मद्य सोडणं आणि एकादशी. संघटनेत दिंडी, तिचा क्रमांक, वीणेकरी, चोपदार, फड. वस्तूंत तुळशीमाळ, गोपीचंदन, पताका. लहानपणापासून बघितलेली वारी मी पहिल्यांदाच अशी सात खणांत मांडली. संघटनेचा खण भरताना कळलं की या बाजूकडे मी कधी बघितलंच नव्हतं. लाखो माणसं कुणी हाका न मारता ठरल्या वेळी ठरल्या मुक्कामी पोचतात, यामागे किती जुनी व्यवस्था आहे, हे मला पंढरपूरपासून इतक्या लांब, एका गृहपाठामुळे दिसलं.

खटकणारंही असतं, ते लपवत नाही. जगातल्या धर्मांच्या वर्गात हिंदू धर्माला दोन-तीन आठवडे मिळतात. त्यात वेद, उपनिषदं, कर्म, चार आश्रम येतात. खंडोबाचं जागरण, बोडण, ग्रामदेवतेची जत्रा यांना जागा नसते. घरचा धर्म पुस्तकात सापडला नाही की वर्गात हात वर करून ‘आमच्याकडे असं नसतं’ म्हणावंसं वाटतं. म्हणावं, जरूर म्हणावं. पण ‘पुस्तक चूक’ एवढ्यावर थांबू नका. ‘आमच्या भागात, आमच्या घरी असं करतात’ असं तपशिलाने सांगा. शिक्षकांना तेच हवं असतं. आणि वर्गातला जैन, शीख किंवा कॅथलिक मुलगा त्याच्या धड्याबद्दल हेच म्हणत असतो, तेव्हा आपणही ऐकून घ्यायचं असतं.

बऱ्याच वर्गांत एक प्रत्यक्ष भेटही असते. स्वतःची नसलेल्या परंपरेच्या प्रार्थनास्थळी जायचं, बघायचं, लिहायचं. मी गुरुद्वाऱ्यात गेले. माझी वर्गमैत्रीण, जी क्वायरमध्येही होती, आमच्या घरी गणपतीला आली. आरती चालू असताना ती कोपऱ्यात वही घेऊन उभी. नंतर तिने मला विचारलं की झांज आणि टाळी एकाच वेळी पडत नाहीत, मग सगळे एकत्र कसे संपतात? या चाली कुणी शिकवल्या? कागद न बघता लहान मुलांना इतकी कडवी कशी येतात? मी चाळीस वर्षं आरती म्हणते, पण मला उत्तरं देता आली नाहीत. त्या रात्री आईला फोन लावून विचारलं.

व्यवहाराच्या चार गोष्टी. एच-४ व्हिसावर (नोकरीच्या एच व्हिसावर आलेल्याच्या जोडीदाराचा आणि मुलांचा व्हिसा) असलेल्यांना व्हिसा न बदलता शिकता येतं, आणि कॅलिफोर्नियात वर्षाहून जास्त राहून रहिवासाच्या अटी पुऱ्या केल्या की रहिवाशांची फी लागते. त्याआधी ती अनेक पट असते. सहा महिन्यांसाठी आलेल्या आईवडिलांना व्हिजिटर व्हिसावर क्रेडिटच्या, म्हणजे युनिटं मिळणाऱ्या, तासाला नाव घालता येत नाही. त्यांना सेमिस्टरअखेरच्या मैफलींना घेऊन जा. हायस्कूलमधल्या मुलांनाही हे तास घेता येतात.

ट्रान्स्फरचा विचार असेल तर ‘संगीताचा आस्वाद’ आणि ‘संगीत थिअरी’ यांत गल्लत करू नका. ओळखीतल्या एका मुलाने ती केली आणि त्याचं एक सेमिस्टर वाया गेलं. आस्वादाचा तास सर्वांसाठीच्या सामान्य शिक्षणात धरतात. संगीत मुख्य विषय असेल तर त्याने पुढे सरकता येत नाही, तिथे थिअरीच लागते. धर्माचा तास बहुधा मानव्यविद्येच्या खान्यात बसतो. म्हणजे इंजिनिअरिंगला जाणाऱ्या मुलानेही कलेच्या खान्यात संगीत आणि मानव्यविद्येच्या खान्यात धर्म घेतला, तर दोन्ही मोजले जाऊ शकतात. कुठला तास कुठल्या विद्यापीठात चालतो हे राज्याच्या ‘असिस्ट’ या संकेतस्थळावर बघा, आणि मग काउन्सेलरला भेटा, याच क्रमाने. संगीतासाठी वरच्या विद्यापीठात बहुतेक ठिकाणी गाऊन-वाजवून दाखवावं लागतं आणि थिअरीची चाचणीही होते, कागदावर गुण कितीही असोत. विशारदच्या प्रमाणपत्रावर थिअरीचे तास टळतील अशी आशा धरू नका. चार आवाजांचं लेखन त्या परीक्षेत नसतं.

क्वायरसाठी सहसा पहिल्याच आठवड्यात आवाज तपासतात. शिक्षक पियानोवर बसून तुमचा सूर कुठून कुठे जातो ते बघतात आणि सोप्रानो की आल्टो, टेनर की बास ते ठरवतात. पाश्चात्त्य काहीच येत नाही म्हणून मागे राहू नका. ‘माझी काळी पाच’ असं म्हटलंत तर त्यांना कळणार नाही. पियानोपाशी जा आणि ती पट्टी बोटाने दाबून दाखवा.